हुशार पोर ओळखताना या चुका टाळा (प्राथमिकच्या शिक्षक-पालकांसाठी)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मार्कांवरनं हुशारी ठरवायची. आपल्या कोल्हापुरात स्कॉलरशिपचं वेड लई. दीडशे-दीडशेचे दोन पेपर, ३०० पैकी किती पडले यावरनं पोराची किंमत ठरते. पण वर्षभर सराव घोटून घेतला की बऱ्याच पोरांचे मार्क वाढतात, त्यातनं सराव कळतो, बुद्धी कळतेच असं नाही. रेंझुली नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९७८ मध्येच सांगितलंय की तीन गोष्टी एकत्र बघा, सरासरीपेक्षा बरी बुद्धी, नवीन सुचणं आणि धरलेल्या कामाला चिकटून राहणं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी पर्यायाला गोल करून कुठनं दिसणार?

ही चूक मी स्वतः केली आहे. तिसरीत एक पोरगं होतं, वडील उद्यमनगरात लेथवर. वही कायम अर्धी, अक्षर वाचता येत नव्हतं, आणि सारखं मध्ये बोलायचं. भागाकार चालू असताना म्हणालं, "बाई, शून्यानं भागलं तर?" मी म्हटलं, ते पुढं शिकवतील, गप बस. मधल्या सुट्टीत बघते तर हा दहा खडे मांडून बसलेला, म्हणतोय, "शून्य शून्य काढत बसलो तर संपतच नाहीत की बाई." मला आजही ते टोचतं. त्याला वाचायला-लिहायला अडचण होती हे नंतर तपासणीत कळलं, डोकं मात्र शाबूत आणि तल्लख. म्हणून लिखाणात मागं असलेल्या पोराला आधी तोंडी विचारून बघा, आणि शंका आली तर मानसतज्ज्ञाकडनं रेव्हनची आकृत्यांची चाचणी करून घ्या, त्यात वाचावं लागत नाही.

दुसरं, पोराचं लवकर झालं की "अजून दहा सोडव" म्हणायचं. ही शिक्षाच झाली ना, मग ते मुद्दाम हळू करायला शिकतं. त्यापेक्षा धड्यातली सगळ्यात अवघड पाच गणितं आधी द्या, चार बरोबर आली की बाकीची माफ. उरलेल्या वेळात खरं काम द्या. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज जाहीर होते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, तिचा आलेख काढायला लावा आणि उद्या किती होईल ते कारणासकट विचारा. माझ्या वर्गात यावर पोरं भांडलीत, इतकी रंगलीत.

हुशार पोराला कायम मॉनिटर करून बाकीच्यांना शिकवायला बसवू नका, त्याचंही शिकायचं वय आहे.

घरच्यांनी पाहुण्यांसमोर "आमचा जिनियस" म्हणणं बंद करावं. अशी पोरं चुकायला घाबरतात आणि अवघड काही हातातच धरत नाहीत.

आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर गळीत हंगामात मध्येच येणारी पोरं. चार-पाच महिन्यांत जाणार म्हणून आपण त्यांना कोपऱ्यात बसवतो. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते याच पोरांसाठी पण होतं. त्यांना मोळ्यांचा, टनाचा, उचलीचा म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा हिशोब विचारा, काहीजण तोंडी असं फाडफाड सांगतात की आपण बघत राहतो.

एक साधी वही करा, पोरांनी विचारलेले प्रश्न नावासकट लिहायचे, दोन महिने. मार्कांच्या यादीशी ताडून बघा, नावं बरीच वेगळी निघतील.