भोपळ्याच्या बिया: फेकू नका, आणि ओल्या भाजू नका

मंडईत लाल भोपळ्याची फोड मागितली की भाजीवाले मामा सुरीच्या एका फटक्यात मधला गाभा उडवून देतात. "बियांचं वजन कशाला घेता ताई?" असं म्हणून. बिचारे भल्यासाठीच करतात. "राहू द्या मामा, बियांसाठीच घेतेय" असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं होतं. आता ते इतर गिऱ्हाइकांच्या फोडींमधल्या बियाही माझ्यासाठी बाजूला ठेवतात, फुकट. तुम्हीही तुमच्या भाजीवाल्याला सांगून ठेवा, कारण किलोभराच्या फोडीतून जेमतेम मूठभर बिया निघतात आणि तेवढ्यासाठी एवढा खटाटोप परवडत नाही.

दुकानात पाकिटातून मिळणाऱ्या हिरव्यागार बिया आणि या बिया दिसायला सारख्या का नाहीत, हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. त्या हिरव्या बियांची जातच वेगळी असते. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया भागात अशा भोपळ्याची जात निघाली की जिच्या बीला टणक कवचच धरत नाही, नुसता हिरवा पापुद्रा असतो. आपल्या लाल भोपळ्याच्या बीला पांढरं, जाड कवच असतं आणि आतला गर हिरवट असतो. तेव्हा घरी केलेल्या बिया पाकिटातल्यासारख्या दिसत नाहीत म्हणून हिरमुसू नका.

भोपळा पिकलेला घ्या. साल नखाने टोचलं जात नसेल आणि आतला गर गडद केशरी असेल तर बियाही भरलेल्या असतात. कोवळ्या भोपळ्यात नुसती चपटी टरफलं निघतात.

घरी आल्यावर गराचा कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि भोपळा, बिया, सगळं टाकून द्या. काकडी, दुधी, भोपळा या कुळात क्वचित एखादं फळ कडूजहर निघतं. तो कडूपणा ज्या द्रव्यांमुळे येतो ती विषारी असतात आणि शिजवून जात नाहीत. कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसं दवाखान्यात पोचली आहेत. "कडू तेवढं औषधी" हे इथे चालत नाही.

बिया काढणं आणि उकळणं

गाभा पातेलंभर पाण्यात टाका, हाताने चोळा. दोरे खाली राहतात, बिया वर तरंगतात. चाळणीत काढा. दोरे अगदी शेवटच्या धाग्यापर्यंत निघायलाच हवेत असं नाही.

मग दोन कप पाण्यात दीड चमचा मीठ घालून बिया दहा मिनिटं उकळा आणि निथळा. कोरड्या बियांवर वरून मीठ भुरभुरवलं की ते कढईच्या तळाशी जातं, बीला लागत नाही. बिया सोलून गोड पदार्थात घालायच्या असतील तर ही पायरी सोडा.

वाळवणं: इथे सगळे फसतात

मीही फसले, आणि एकदा नाही, तीनदा.

पहिल्यांदा जुलैत. पुण्याचा पाऊस कसा असतो, तुम्हाला माहीत आहे. धो धो कोसळत नाही, पण आठवडाभर टॉवेल वाळत नाही. बिया दोन दिवस ओट्यावर पसरल्या, हाताला कोरड्या लागल्या, डब्यात भरल्या. आठ दिवसांनी झाकण उघडलं तर कुबट वास आणि बियांना बियांशी जोडणारे पांढरे-करडे तंतू. घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीचा सल्ला होता, "धुऊन परत भाज, काही होत नाही." होतं. बुरशी आली की तिने सोडलेली विषं भाजूनही नष्ट होत नाहीत. तो डबा मी अख्खा कचऱ्यात ओतला. तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही ओता, हळहळू नका.

दुसऱ्यांदा वाटलं, वाळवायचंच कशाला, थेट भाजू. व्हिडिओत सगळे तसंच करतात: धुतल्या, पुसल्या, कढईत टाकल्या, वीस सेकंदांत खमंग. व्हिडिओत कापाकापी करता येते, कढईत नाही. माझं कवच तपकिरी झालं, काही ठिकाणी करपलं, आणि आतला गर चामट, ओला, अर्धवट शिजलेला. चावल्यावर दाताखाली रबर.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या. बीचा गर बंद पेटीत असतो. कवच आधी वाळतं आणि आतलं पाणी त्याच्यातून हळूहळू बाहेर येत राहतं. आपला हात लागतो तो कवचाला, म्हणून बी वाळली असं वाटतं, पण आत दमटपणा असतोच. शिवाय गराचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं. तेल, ओल आणि उबदार हवा एकत्र आली की गर आधी खवट होतो, मग बुरशी येते.

तिसऱ्यांदा शहाणपण करून मे महिन्यात गच्चीवर वाळत घातल्या. पुण्यातली कबुतरं काय प्रकार आहे हे मी वाचकांना सांगायला नको. एक बी राहिली नाही, वर त्यांनी ताटात पोच ठेवली.

आता जे करते ते असं. स्टीलचं मोठं ताट किंवा परात घ्यायची आणि बिया एका थरात पसरायच्या, एकावर एक नाही. वर्तमानपत्रावर पसरू नका, ओल्या बीला शाई लागते. किचन पेपरवर आणि नॅपकिनवरही नको. भोपळ्याचा चिकटा वाळला की बी कागदासकट सुटते आणि मग तुम्ही तासभर कागद खरवडत बसता. ताटावर पातळ मलमल बांधायची. मार्च ते मे गॅलरीतल्या उन्हात दोन दिवस पुरतात. दिवसातून तीनदा हात फिरवा, रात्री घरात घ्या.

पावसाळ्यात ताट पंख्याखाली रात्रभर, दुसऱ्या दिवशी परत दिवसभर, आणि मग ओव्हन असेल तर सर्वांत कमी आचेवर, साठ-सत्तर अंशांवर, दार बोटभर उघडं ठेवून दोन तास. ओव्हन नसेल तर फ्रीजमध्ये उघडं ताट तीन दिवस ठेवा. हे सांगितलं की लोक हसतात, पण बर्फ न धरणाऱ्या फ्रीजमधली हवा कोरडी असते. त्यात उघडी राहिलेली कोथिंबीर कशी सुकते ते आठवा. फक्त त्याच कप्प्यात चिरलेला कांदा नको. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका. आतल्या वाफेने काही बिया फटाफट फुटतात आणि बाकीच्या तशाच ओल्या राहतात.

वाळली की नाही, हे स्पर्शाने ठरवायचं नाही. बी दोन बोटांत धरून वाकवा. वाकली तर ओली, कटकन मोडली तर वाळली. एक नाही, ताटाच्या कडेची आणि मधली मिळून पाच-सहा मोडून बघा. तरीही शंका असेल तर काचेच्या कोरड्या बरणीत भरून घट्ट झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काचेवर जराही धुकं दिसलं तर मुकाट्याने परत ताटात. ही बरणीची परीक्षा सुरू केल्यापासून माझी एकही बी वाया गेलेली नाही.

भाजणं

जाड बुडाची कढई, मंद आच, बारा ते पंधरा मिनिटं, सतत हलवत. तडतड सुरू होऊन मंदावली आणि कवच बदामी झालं की उतरवा. लगेच ताटात काढा, कारण कढईच्या गरमीत त्या भाजतच राहतात. तेल नको, आत भरपूर आहे.

सोलायच्या की सालासकट खायच्या?

पातळ कवचाच्या बिया मोठ्या माणसांनी नीट चावून सालासकट खाल्ल्या तर हरकत नाही. लहान मुलांना मात्र सालासकट देऊ नका. कवचाचे तुकडे आतड्यात साठून घट्ट बसतात, आणि अगदी लहानग्यांच्या घशात अडकण्याची भीती वेगळीच. सोलायला सोपा उपाय म्हणजे भाजलेल्या बियांवरून लाटणं हलक्या हाताने फिरवायचं, कडा तडकतात, मग टोकाकडून चिमटीत दाबायचं. वेळ लागतो. टीव्हीसमोर बसून करायचं काम आहे, मटार सोलण्यासारखं.

यातून मिळतं काय, आणि काय मिळत नाही

सोललेल्या, वाळलेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं, जवळपास ५० ग्रॅम तेल आणि साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. हे आकडे वाचून लोक हरखतात, पण १०० ग्रॅम खायच्या नसतात. दिवसाला दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम, पुरे. तेवढ्यात सहा ग्रॅम प्रथिनं, दीड मिलिग्रॅम जस्त आणि शंभराच्या वर मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. मोठ्या माणसाची मॅग्नेशियमची रोजची गरज ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. दोन चमच्यांत तिचा पाव हिस्सा भागत असेल तर तक्रारीला जागा नाही. कॅलरीही शंभराच्या वर जातात, म्हणून "वजन कमी करायला मूठ मूठ खा" असं सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. लोह आहे, पण वनस्पतीतलं असल्याने शरीर ते जरा कंजूषपणे घेतं. बिया भेळेत किंवा कोशिंबिरीत घालून वर लिंबू पिळलं तर ते घेणं सुधारतं.

"रात्री चार बिया खाल्ल्या की झोप लागते" हा निरोप मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. झोपेशी संबंध असलेलं ट्रिप्टोफॅन बियांत आहे, पण ते डाळीत आणि दुधातही आहे, आणि चार बियांत कितीसं असणार? पट्टकृमीवर या बिया देण्याची चाल जुनी आहे आणि कित्येक देशांत आहे. म्हणून मुलाला शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवायची नाही. प्रोस्टेटच्या त्रासासाठी युरोपात या बिया आणि त्यांचं तेल बरीच वर्षं वापरतात, थोड्यांना थोडा आराम पडतो. लघवीची तक्रार असेल तर आधी डॉक्टर, बिया नंतर. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी बिया आणि भोपळा दोन्ही डॉक्टरांना विचारूनच खावं, कारण त्यांना पोटॅशियम, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम मोजून घ्यावं लागतं.

आणि गर?

बियांच्या नादात भोपळा फ्रीजमध्ये सडवू नका. त्याचा केशरी रंग बीटा-कॅरोटीनचा, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व करतं. ते तेलात विरघळतं, म्हणून नुसता उकडलेला भोपळा खाण्यापेक्षा मेथीदाण्याच्या फोडणीची भाजी किंवा दही-मोहरीचं भरीत, वर फोडणी घालून, जास्त उपयोगी. "मधुमेहाला भोपळा वर्ज्य" हेही अर्धवट. १०० ग्रॅम गरात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी आणि सहा-सात ग्रॅमच कर्बोदकं असतात; वाटीभर भाजीने आकाश कोसळत नाही. घारग्यांचं मात्र वेगळं, त्यात गूळ असतो, तळण असतं, आणि एकावर कोणी थांबत नाही.

बियांची चटणी

नुसत्या बिया खायचा कंटाळा येतो, म्हणून ही. एक वाटी भाजून सोललेल्या बिया, पाव वाटी भाजलेलं सुकं खोबरं, सात-आठ लसणाच्या पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, जिरं आणि मीठ. बिया खारवलेल्या असतील तर मीठ निम्मंच. मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलात तर तेल सुटून गोळा होतो. लसूण ओला असतो, म्हणून ही चटणी फ्रीजमध्येच ठेवायची, आणि चमचा कोरडा.