पेरणी ते दिवाळी: कॉलेजच्या मुलांच्या पोटापाण्याची सोय कशी लावावी

खानदेशात कॉलेजचा प्रवेश आणि शेतातली पेरणी एकाच वेळी येते. घरातला पैसा बियाणं-खतात गेलेला असतो आणि कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास होते. शिष्यवृत्तीचा हप्ता बहुतेकदा त्याहूनही उशिरा येतो. सातपुड्यातून नंदुरबारला, चोपडा-यावलकडून जळगावला किंवा साक्रीकडून धुळ्याला आलेल्या मुलाची खरी ओढाताण जुलै ते ऑक्टोबर या काळात होते. मदत करायची असेल तर ती तेव्हा करा. जानेवारीत फोटो काढून ब्लँकेटं वाटली तर हे चार महिने भरून निघत नाहीत.

हे काम दोन प्राध्यापक, कार्यालयातला एक कारकून, एनएसएसची पाच-सहा मुलं आणि गावातला एखादा किराणा दुकानदार यांनी मिळून होतं. मोठी समिती नको. तिची बैठक होईपर्यंत दिवाळी येते.

आधी विचारायचं कसं

"कोणाला मदत हवी आहे?" असं वर्गात विचारलं तर एकही हात वर होत नाही. एकट्याला गाठून विचारलं तरी "भूक नई शे, सर" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून प्रवेशानंतर दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांकडूनच एक पानाचा फॉर्म भरून घ्या. प्रश्न साधे ठेवा: राहता कुठे, खोलीत किती जण आहेत, शेगडी आहे का, मेस लावली आहे का, रविवारी रात्री काय जेवता, येण्याजाण्याला रोज किती पैसे लागतात, आधारला जोडलेला मोबाइल नंबर कोणाकडे आहे.

रविवारच्या प्रश्नावरून बरंच कळतं. बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. ज्याच्याकडे पैसे आहेत तो त्या रात्री बाहेर खातो, ज्याच्याकडे नाहीत तो "झोपतो" असं लिहितो. असं उत्तर आलं की तो फॉर्म वेगळा काढा.

जेवण: कुपन की शिधा

ज्यांच्याकडे शेगडी नाही त्यांना मेसचं कुपन द्या. कॉलेजजवळच्या दोन-तीन मेसवाल्यांशी बोला आणि ते पैसे भरणाऱ्या मुलांना जी कुपनं देतात तीच विकत घ्या. वेगळ्या रंगाचं किंवा "सहाय्य" असा शिक्का मारलेलं कुपन छापू नका, मुलं ते वापरत नाहीत. हिशेब दर आठवड्याला चुकता करा. महिनाभर पैसे थकले की ताटातली भाजी पातळ होते आणि त्याचा त्रास मुलांनाच होतो. खाड्यांचं, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचं, आधीच ठरवून घ्या. सलग तीन दिवसांहून कमी रजा असेल तर बऱ्याच मेस खाडा धरत नाहीत, आणि गावाकडची मुलं शनिवार-रविवारी घरी जातात. त्यांच्यासाठी महिन्याच्या मेसपेक्षा सुट्या कुपनांचा हिशेब बरा पडतो.

जिथे शिवभोजन केंद्र आहे तिथे थाळी दहा रुपयांत मिळते: दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात. मात्र ती दुपारीच असते, आणि केंद्र सध्या सुरू आहे का हे स्वतः जाऊन पाहा.

शेगडी असेल तर आठवड्याची शिधापिशवी उत्तम. एका मुलाला भाकरीचं पीठ २ किलो, तांदूळ ७५० ग्रॅम, तूरडाळ ४०० ग्रॅम, शेंगदाणे २५० ग्रॅम, तेल पाव लिटर, कांदे १ किलो, शिवाय मीठ, हळद आणि तिखट. एवढ्यात रोज तीन भाकरी आणि एक वेळची खिचडी होते. पंचवीस मुलं धरली तर आठवड्याला पीठ ५० किलो, तांदूळ सुमारे १९ किलो आणि डाळ १० किलो लागते.

पीठ नुसत्या ज्वारीचं देण्याऐवजी कळण्याचं द्या. चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे उडीद आणि थोडं मीठ घालून गिरणीतून दळून आणायचं. ज्याच्याकडे रोज भाजीला पैसे नाहीत तो ठेचा किंवा तेल-तिखटाबरोबर कळण्याची भाकरी खातो, आणि उडदामुळे त्याच्या पोटात थोडी डाळही जाते. शिवाय नवशिक्याला ती थापायला सोपी जाते, कारण उडदामुळे पीठ धरून राहतं. पोतंभर पीठ एकदम दळून ठेवू नका. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी कडेने चिरते आणि चव कडवट लागते. आठवड्यापुरतंच दळा. गिरणीतून आलेलं गरम पीठ लगेच पिशवीत बांधू नका, आतून घाम सुटून गुठळ्या होतात. पसरून पूर्ण गार झालं की मगच भरा.

शेगडीसाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला राहत्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. तीन-चार मुलांत एक पुरतो. पावसाळ्यात खोलीची खिडकी लावून स्वयंपाक करू नका, हे मात्र तोंडी बजावून सांगा.

घरच्या रेशनकार्डावर मुलाचं नाव असेल तर त्याच्या वाट्याचं धान्य तो शिकतो त्या शहरातही उचलता येतं. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो मिळतं. त्यासाठी मुलाचं आधार रेशनकार्डाला जोडलेलं आणि ई-केवायसी झालेली हवी. अडचण अशी की घरच्यांनी महिन्याच्या सुरुवातीला सगळं धान्य उचललं तर इथल्या दुकानात मुलाच्या नावावर काहीच शिल्लक दिसत नाही. कोण कुठे उचलणार हे घरी फोन करून आधीच ठरवा.

प्रवास

एसटीचा मासिक विद्यार्थी पास एक तृतीयांश भाड्यात मिळतो. कॉलेजच्या शिक्क्याचा अर्ज आणि बोनाफाइड लागतं. बोनाफाइडसाठी मुलाला तीन चकरा माराव्या लागल्या तर तीन दिवसांचं पूर्ण भाडं त्याच्या खिशातून जातं. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच दोन प्रती हातात द्या. भुसावळ-सुरत मार्गावरच्या गावांतून, म्हणजे अमळनेर, दोंडाईचा किंवा नवापूरकडून, येणाऱ्यांनी रेल्वेचा पास पाहावा. पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते कॉलेज सेकंड क्लासचा मासिक पास फुकट आहे, आणि पदवीच्या मुलांना सवलतीत. हे पुष्कळ मुलींना ठाऊकच नसतं.

सरकारी पैसा आणि तो कुठे अडकतो

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आदिवासी विभागाची स्वयं योजना, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी आधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये मिळतात: भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. विद्यार्थी त्याच शहरातला रहिवासी नसावा, आणि हजेरीची अट असते. भाडेकरार लागला तर घरमालक टाळाटाळ करतात. कॉलेजच्या पत्रासह एखाद्या प्राध्यापकानेच जाऊन बोललं तर काम लवकर होतं.

अर्ज भरून पैसे न येण्याची कारणं जवळपास तीच ती असतात. पहिलं म्हणजे खातं. पैसे अर्जातल्या खात्यात जातात असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात ते आधारशी शेवटचं जे खातं जोडलं गेलं असेल त्यात जातात. गावात कोणीतरी अंगठा घेऊन पोस्टाच्या बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि मुलाला त्याची आठवणही नसते. 'माय आधार'च्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं की बँकेचं नाव दिसतं. अर्जाआधी प्रत्येकाचं बघा. ते पान वाचायला दोन मिनिटं पुरतात.

दुसरं कारण ओटीपीचं. आधारला नंबर वडिलांचा असतो आणि वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत असतात. ओटीपी फडात येतो, तिथे रेंज नसते. मुलाचा स्वतःचा नंबर आधारला जोडणं हे जुलैतलं पहिलं काम. ज्यांना पालकांची सही लागते त्यांनी ती निघण्याआधीच घ्यावी. राहिली तर होळीला माणसं घरी परततात, पण तोवर मुदत गेलेली असू शकते.

तिसरं, महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर, परत पाठवलेला अर्ज. दाखल्याचा फोटो अस्पष्ट किंवा नावात 'भाई'-'भाऊ'चा फरक एवढ्यावरून तो परत येतो, आणि मूल "अर्ज भरला" म्हणून निर्धास्त असतं. दर सोमवारी एनएसएसच्या दोन मुलांनी सगळ्यांचे लॉगिन त्यांच्याच समोर उघडून बघायचे. पासवर्ड कॉलेजने लिहून ठेवू नयेत.

हातात रोख

शंभर-दोनशे माजी विद्यार्थ्यांनी महिन्याला थोडंथोडं दिलं तरी एक छोटा निधी उभा राहतो. त्यातून ५०० ते २,००० रुपये, दोन सह्या, आणि निर्णय दोन दिवसांत. परतफेडीची अट घालू नका. उसने पैसे परत करता आले नाहीत की मूल तोंड चुकवतं, मग वर्गातही येत नाही. परीक्षा फी, चष्मा, औषध, खोलीचं थकलेलं भाडं यांना हा निधी चालतो. कार्यक्रमाच्या हारतुऱ्यांना नाही.

मुलींच्या स्वच्छतागृहात पॅडची पेटी ठेवा, तीही कुलूप नसलेली. चावी शिक्षिकेकडे असेल तर पेटी भरलेलीच राहते.

आदिवासी पट्ट्यातल्या काही मुलांना सिकलसेल असतो. पाणी कमी पिणं, थंडी आणि अतिश्रम यांनी त्यांना सांधे-हाडांच्या तीव्र वेदना होतात. वर्गात पाण्याची बाटली आणू द्या, थंडीत पहाटेच्या कवायतीतून सूट द्या, आणि असा विद्यार्थी दोन दिवस आला नाही तर आळशी म्हणण्याआधी खोलीवर जाऊन या.

एप्रिलमध्ये परीक्षा संपून मुलं गावी निघाली की त्यांच्या हातात पुढच्या वर्षीच्या कागदांची यादी द्या. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. तो मे महिन्यातच तहसीलमधून नव्याने काढला तर जुलैत सेतूच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.