नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पाण्याचे नमुने घ्यायला येताय ना, मग आदल्या रात्रीपासूनची तयारी वाचून घ्या

मंगळवारी सकाळी साडेसहाला रामकुंडावर भेटायचं ठरलंय आणि यावेळी निम्मी मंडळी नवीन आहेत, म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकते, परत परत फोनवर सांगायला नको. घाटावर पोचल्यावरचं काम तसं फार नाहीये, एका ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं, जे काय बिघडतं ते आदल्या रात्री घरातच बिघडलेलं असतं आणि तीन दिवसांनी रिपोर्ट हातात आला की कळतं, तोपर्यंत नदी पुढे निघून गेलेली असते.

मंगळवारच का, रविवार का नाही, हे प्रत्येक जण विचारतो. रविवारी लॅब बंद असते, आणि जंतूंची बाटली सहा तासांच्या आत लॅबमध्ये गेलेली बरी, चोवीस तासांच्या पुढे गेली तर तो नमुना फेकूनच द्यायचा. शिवाय आपल्याकडे बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते, तीन दिवस २७ डिग्रीला ठेवून बघतात, म्हणजे गुरुवारी नमुना दिला तर तिसरा दिवस रविवार येतो आणि बाटली उघडायला तिथे कोणी नसतं. मंगळवारी दिलं की बीओडी शुक्रवारी आणि कॉलीफॉर्मचं, म्हणजे मैलापाण्याची खूण असलेल्या जंतूंचं, उत्तरही साधारण शुक्रवारीच. सोमवार चालला असता पण सोमवारी रामकुंडाजवळच्या कपालेश्वर महादेवाला गर्दी. तेव्हा ऑफिसला हाफ डे टाका, सोमवारी दुपारी लॅबला फोन करून उद्या नमुने येतायत हे सांगायचं काम माझ्याकडे.

ऑक्सिजनची काचेची सोडली तर बाटल्या दोन प्रकारच्या येणारेत आणि इथेच सगळे गोंधळतात. ज्या बाटलीच्या टोपणावर फॉइल गुंडाळलेली आहे ती जंतूंची, लॅबने निर्जंतुक करून दिलेली, ती घरी उघडून बघायची नाही, विसळायची नाही, फॉइल काढून परत लावायची तर अजिबात नाही. दुसरी साधी प्लॅस्टिकची, ती मात्र नदीच्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरायची. गेल्या वर्षी एका दादांनी अगदी मनापासून सगळ्या बाटल्या रात्री साबणाने घासून उपड्या टाकून ठेवल्या होत्या, निर्जंतुक केलेल्यासुद्धा, आता त्यांना काय बोलणार.

लेबलं रात्रीच लावा आणि कोरड्या बाटलीवर लावा. ठिकाण, तारीख, नंबर आधीच लिहायचं, वेळेची जागा फक्त रिकामी. पेन्सिल नाहीतर परमनंट मार्करनेच लिहायचं, हे मी माझ्या चुकीवरून सांगतेय, पहिल्या वेळी मी जेल पेनने इतकं सुंदर अक्षर काढलं होतं आणि बर्फाच्या डब्यात सगळं निळं पाणी झालं, तपोवन कुठलं आणि सोमेश्वर कुठलं काही कळेना, सहा बाटल्या वाया.

बर्फ. थर्माकोलचा डबा चालेल, मासेवाले वापरतात तसला, पण बर्फ पिशवीत बांधून ठेवा. सुटा टाकला तर तो वितळतो, बाटल्या त्या पाण्यात तरंगतात आणि टोपणातून ते पाणी आत जातं. गार राहिलं पाहिजे, गोठायला नको, चार डिग्रीच्या आसपास. रिक्षात किंवा डिक्कीत ठेवाल तर डबा सरळ राहील असं बघा, आणि डब्यात पिण्याच्या पाण्याची बाटली गार करायला ठेवू नका प्लीज.

पीएच मीटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी सोमवारी रात्री ७ आणि ९.२ च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात, तपासून घ्या, नदीचं पाणी बहुतेक त्या दोघांच्या मध्येच येतं. मीटरचं टोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवू नका, खराब होतं, त्याचं सोल्यूशन वेगळं मिळतं. जास्तीचे सेल घ्या. साधा थर्मामीटरही घ्या, कारण तापमान नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो.

ऑक्सिजनची, म्हणजे डीओची बाटली ३०० मिलीची काचेची असते, तिरक्या टोपणाची, ती फडक्यात गुंडाळून आणा. ती भरताना बुडबुडा एकसुद्धा राहायला नको, उलट जंतूंच्या बाटलीत वर बोटभर जागा सोडायची असते, हे दोन्ही उलटसुलट होतं नेहमी. डीओच्या बाटलीत तिथल्या तिथे दोन औषधं घालावी लागतात, मँगेनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइडवालं, किती ते लॅबने चिठ्ठीवर लिहून दिलंय. तपकिरी गाळ बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर समजा नाहीच. हे काम आमच्या ग्रुपमधले काका करतील, आयुष्यभर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये होते, बाकीच्यांनी त्या औषधांच्या बाटल्यांना हात लावू नका, ते दुसरं औषध कातडी जाळतं. गॉगल काकांसाठी एक, त्यांना बाटली धरून देणाऱ्यासाठी एक.

आता वही. माझ्या मते अख्ख्या पिशवीत सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच, आणि सगळ्यात जास्त कंटाळा हिचाच. गेल्या दोन दिवसांत पाऊस झाला का, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय, घाटावर अंदाजे किती लोक आंघोळीला आहेत, कपडे धुणं चालू आहे का, फेस आहे का, निर्माल्य साठलंय का, पाणवेली आल्यात का, अमावस्या आहे की लग्नाची तिथी, हे सगळं. नुसता आकडा मुका असतो हो. जोरात पाऊस झाला की नाल्यांमधलं सगळं नदीत येतं आणि कॉलीफॉर्म एकदम उसळतो, धरणातून पाणी सोडलं की तेच पातळ होतं, आणि हे वहीत नसेल तर नंतर आपणच भांडत बसतो की महिन्याभरात नदी सुधारली का बिघडली. वेळही तीच पाळा, शेवाळ असलेल्या पाण्यात ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारी उन्हात सगळ्यात जास्त असतो, एकदा सातला आणि एकदा दोनला मोजून तुलना करायची म्हणजे निव्वळ गंमत. २०२७ ला सिंहस्थ आहे, तेव्हा सगळे आकडे मागतील, पण आधीच्या साध्या दिवसांचे आकडेच नसतील तर तुलना करणार कशाशी?

ठिकाणं चार, सोमेश्वर, रामकुंड, टाळकुटेश्वर पूल, तपोवन, याच क्रमाने, वरून खाली. मागच्या वेळच्या पायऱ्यांचे फोटो प्रिंट काढून आणतेय, बरोबर त्याच जागी उतरायचं. स्वच्छ दिसतं म्हणून दोन पायऱ्या पलीकडे जायचं नाही आणि घाण दाखवायची म्हणून नाल्याच्या तोंडाशीही जायचं नाही, जिथे लोक खरंच बुडी मारतात, पोरं उड्या टाकतात, तिथलं पाणी हवंय आपल्याला.

बाटली कशी धरायची त्याची सोमवारी घरी बादलीत प्रॅक्टिस करा, हसू नका, खरंच करा. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, बाटली बुडाकडून धरायची, तोंड खाली करून वीतभर, जमलं तर फूटभर खोल न्यायची आणि तिथे तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे वळवून भरायची. वरचा तवंग आणि तळाचा गाळ दोन्ही नको. पहिली बाटली कायम जंतूंचीच, पायाने गाळ ढवळला जायच्या आत. टोपण हातातच ठेवा, आतली बाजू खाली, पायरीवर ठेवलंत की संपलं. एका ठिकाणचा नमुना दोनदा घ्यायचा आणि एक निर्जंतुक पाण्याची बाटली घाटावर नुसती उघडून बंद करून आणायची, तिच्यात जंतू निघाले तर चूक नदीची नाही, आपली.

कपड्यांचं म्हणाल तर मागे पट्टा असलेल्या सँडल, स्लिपर नको, शेवाळावर घसरून मागे एकीचा गुडघा फुटलाय. हातमोजे, जास्तीचे कपडे, सॅनिटायझर. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, वही सांभाळा. पाण्यात एक आणि काठावर एक, एकट्याने कोणीही उतरायचं नाही. आणि धरणातून मोठा विसर्ग असेल तर सरळ रद्द, दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे नदीतल्या ज्या मूर्तीवरून आपण पूर मोजतो तिच्या, पायाला पाणी लागलंय असं कळलं की घरी बसून चहा प्यायचा, नाशिककराला यापेक्षा जास्त सांगायला लागू नये.

घाटावर गुरुजी किंवा आंघोळीला आलेले लोक विचारणारच काय चाललंय. नीट सांगा, वाद घालू नका, कोणाचा विधी चालू असेल तर थांबा. मागे एका आजींना वाटलं आम्ही गंगेत औषध सोडतोय, त्यांना बाटली हातात देऊन दाखवली तेव्हा शांत झाल्या आणि वर आम्हाला प्रसाद दिला.

आकड्यांची चिठ्ठी वहीत चिकटवून ठेवा. आंघोळीच्या पाण्यासाठी सरकारी निकष असे, पीएच ६.५ ते ८.५, डीओ लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, आणि फीकल कॉलीफॉर्म १०० मिलीमध्ये ५०० पर्यंत असावा, फार तर २५००. समुद्राला वेगळं असतं, खाऱ्या पाण्यात कॉलीफॉर्म लवकर मरतात म्हणून तिकडे एन्टरोकोकाय नावाचे दुसरे जंतू जास्त भरवशाचे मानतात, तेव्हा दिवेआगरहून कोणी रिपोर्ट पाठवला तर आपल्या तक्त्यात घुसवू नका. एक वाईट आकडा आला म्हणून लगेच स्टेटस टाकायचं नाही, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे गोदावरीचे आकडे त्यांच्या साइटवर असतात, आधी ते शेजारी ठेवून बघू.

एक वस्तू आणू नका, ती काळी पडणारी छोटी कुपी, गावात पिण्याच्या पाण्याला वापरतात ती. ती फक्त हो किंवा नाही सांगते, आणि नदीचं पाणी घातलं की ती काळी पडणारच, त्यातून ३०० आणि ३०,००० मधला फरक कळत नाही.

मिसळ नमुने लॅबमध्ये पोचल्यावरच, आणि हात साबणाने धुऊन. बर्फ आणि फोटो मी आणते, डबा काकांकडे आहे, काठावरच्यासाठी वीस फूट दोरी आणि दोन जास्तीचे मार्कर कोण आणतंय तेवढं सोमवारी संध्याकाळपर्यंत सांगा.