मिसिंग मॅप्ससाठी घरबसल्या नकाशा काढताना या चुका टाळा

'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' अर्थात एमएसएफसारख्या वैद्यकीय मदत संस्थेला पैसे न देताही भरीव मदत करता येते. ही संस्था, अमेरिकन व ब्रिटिश रेडक्रॉस आणि ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम यांनी २०१४ मध्ये 'मिसिंग मॅप्स' हा उपक्रम सुरू केला. त्यात स्वयंसेवक उपग्रहचित्र पाहून ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर घरे आणि रस्ते रेखाटतात. त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाच्या गेकेडू भागात इबोलाची साथ पसरली, तेव्हा स्वयंसेवकांनी त्या भागाचे नकाशे असेच तयार केले होते. कोणत्या वस्तीत किती घरे आहेत हे नकाशावरून कळले, तर तिथे लसीचे साधारण किती डोस न्यावे लागतील याचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच या कामातील चुका किरकोळ मानू नयेत.

सर्वाधिक चुका घरांच्या बाबतीत होतात. दाटीवाटीने उभी असलेली चार घरे एकाच मोठ्या चौकोनात कोंबली, तर चार कुटुंबांच्या जागी एकच मोजले जाण्याचा धोका असतो. याउलट झाडाची सावली किंवा कुंपण घर समजून रेखाटले, तर पथक रिकाम्या जागी पोहोचू शकते. चित्र तिरप्या कोनातून घेतलेले असेल तर छत बाजूला सरकलेले दिसते. अशा वेळी छताची आकृती काढून ती इमारतीच्या पायावर सरकवावी. कोपरे वाकडेतिकडे राहिल्यास आयडी या ब्राउझरमधील नकाशा-संपादकात आकृती निवडून 'क्यू' ही कळ दाबावी, म्हणजे ते काटकोनात येतात. गोल झोपड्यांसाठी 'ओ' ही कळ आहे. हे साधे काम नवखे स्वयंसेवक हमखास विसरतात.

रस्त्यांची चूक सहसा डोळ्यांना दिसत नाही. दोन रस्ते नुसते एकमेकांवरून गेलेले दिसले, पण त्यांना जोडणारा सामाईक बिंदू नसला, तर मार्ग शोधणारी प्रणाली तिथे वळणच नाही असे समजते. त्यामुळे नवा रस्ता काढताना तो जुन्या रस्त्याला खरोखर जुळला आहे का, हे नकाशा मोठा करून पाहावे.

गावांची किंवा रस्त्यांची नावे गुगल मॅप्सवरून उतरवू नयेत. परवान्याच्या दृष्टीने ते चालत नाही आणि तसे केलेले काम काढून टाकावे लागते. प्रकल्पाच्या सूचनेत सांगितलेलेच उपग्रहचित्र वापरावे, आणि बदल जतन करताना टिप्पणीत आपोआप येणारा प्रकल्पाचा हॅशटॅग पुसू नये.

प्रकल्पाचा प्रदेश छोट्या चौकोनांत विभागलेला असतो आणि आपण उघडलेला चौकोन इतरांसाठी बंद होतो. काम अर्धवट सोडून उठायचे असेल, तर आधी बदल जतन करावेत आणि चौकोन 'अपूर्ण' म्हणून परत करावा. केवळ प्रगतीचा आकडा वाढावा म्हणून 'पूर्ण' असे नोंदवणे मला सर्वांत घातक वाटते, कारण राहून गेलेल्या घरांकडे मग तपासणी होईपर्यंत कोणाचेच लक्ष जात नाही.

अनुभवी तपासनिसाने चौकोन परत पाठवला, तर खचून न जाता त्याची टिप्पणी वाचावी, तीच चूक आपल्या आधीच्या चौकोनांतही झाली आहे का ते पाहावे आणि शंका असल्यास तिथेच विचारावी.