कोरोनरी सीटी अँजिओग्राफी: या चुका टाळा

कोरोनरी सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, धमन्या तुटक किंवा धूसर दिसल्या की आधी मशिनला दोष दिला जातो. बहुतेक वेळा गडबड तयारीत झालेली असते.

सगळ्यात जास्त घाई होते ती ठोक्यांच्या बाबतीत. ते मिनिटाला ६० च्या आसपास, निदान ६५ च्या आत हवेत. डायस्टोलच्या (हृदय सैलावण्याच्या टप्प्याच्या) उत्तरार्धात हृदय जेमतेम स्थिरावते आणि ठोके वाढले की नेमका तोच अवधी आखडतो. उजवी धमनी सर्वांत जास्त हलते, त्यामुळे तिचा मधला भाग आधी बिघडतो. ठोके कमी करणारे मेटोप्रोलॉल तोंडावाटे ५० ते १०० मिग्रॅ दिल्यावर तासभर थांबायलाच हवे. दम्याच्या पेशंटला ते परस्पर देऊ नका. चहा-कॉफी १२ तास बंद, हे अपॉइंटमेंट देतानाच सांगा. सकाळचा अर्धा कप पेशंट चहात धरतच नाहीत.

धमन्या रुंदावणारे नायट्रोग्लिसरिन जिभेखाली देण्याआधी रक्तदाब बघा आणि सिल्डेनाफिल, टाडालाफिल या लैंगिक दुर्बलतेच्या गोळ्यांची नावे घेऊन विचारा. सिल्डेनाफिलनंतर २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रोग्लिसरिन चालत नाही. बायको-मुलांसमोर विचारलेत तर उत्तर "नाही" असेच येणार. पेशंटला बाजूला घ्या.

कॉन्ट्रास्ट (धमन्या उजळ दाखवणारा द्रव) सेकंदाला ५ ते ६ मिली वेगाने जायचा असतो. मनगटातल्या बारीक निळ्या कॅन्युलाचे (शिरेत लावायच्या नळीचे) ते काम नाही. उजव्या कोपरात हिरवी, म्हणजे १८ गेजची लावा. शीर बारीक असेल तर त्याहून बारीक, गुलाबी. बायपास झालेल्यांना डाव्या हातातून दिले तर छातीत आडव्या जाणाऱ्या शिरेतल्या दाट कॉन्ट्रास्टच्या रेघा डाव्या मॅमरी ग्राफ्टच्या (छातीतली धमनी वापरून केलेल्या बायपासच्या) उगमावर पडतात.

"खोल श्वास घ्या" असे सांगू नका. छाती भरून श्वास घेतला की खालच्या महाशिरेतून कॉन्ट्रास्ट नसलेले रक्त हृदयात ओढले जाते आणि कॉन्ट्रास्ट पातळ होतो. मध्यम श्वास घेऊन, जोर न लावता रोखायचा. एकदा सराव करून घ्या आणि त्या वेळी ईसीजीकडे बघा. हात डोक्यावर नेताना लीड (ईसीजीची वायर) सुटलेली असेल तर तीही तेव्हाच सापडते.

तरीही इमेजमध्ये पायऱ्या आल्या, म्हणजे कडा जिन्यासारख्या तुटल्या, तर छातीचे हाड बघा. हाडही त्याच पातळीवर सरकलेले असेल तर श्वास हलला. हाड सरळ आणि फक्त हृदय तुटलेले असेल तर ठोका अनियमित पडला. अशा वेळी दुसरी फेज (ठोक्याच्या चक्रातला दुसरा क्षण) रिकन्स्ट्रक्ट करून पाहा, डेटा घेतलेला असेल तर चक्राच्या ३५ ते ४५ टक्क्यांचीसुद्धा. तसे न करता "स्टेनोसिस" (धमनी अरुंद झाली) असे लिहून मोकळे होऊ नका.

रिपोर्टिंगमध्ये धमनीच्या भिंतीतले कॅल्शियम फसवते. ते असते त्याहून मोठे दिसते, म्हणून विंडो (करड्या छटांचा पल्ला) रुंद करा, शार्प कर्नल (कडा ठळक करणारे फिल्टर) वापरा. ३ मिमीपेक्षा बारीक स्टेंटच्या आतले छातीठोकपणे सांगू नये. उलट, कॅल्शियम स्कोअर शून्य म्हणजे धमन्या स्वच्छ, असेही नाही. त्यात १३० हौन्सफील्ड (सीटीवरच्या घनतेचे एकक) आणि त्यावरचेच मोजले जाते. मऊ प्लाक (भिंतीतला कॅल्शियम नसलेला चरबीचा थर) त्यातून निसटतो, विशेषतः तरुण धूम्रपान करणाऱ्यांत.

आणि धमनीचा उगम लिहायला विसरू नका. डावी धमनी उजव्या सायनसमधून (महाधमनीच्या मुळाशी असलेल्या उजव्या फुगीर कप्प्यातून) निघून महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांच्या मधून जात असेल तर एकही ब्लॉक नसताना व्यायाम करताना मृत्यू ओढवू शकतो. अशा तरुणाच्या रिपोर्टवर नुसते "नॉर्मल" लिहिले तर तो दुसऱ्या दिवशी मैदानावर जाईल.