एआयने आराखडा करून दिला, मग सल्लागार कशाला?

धंद्याचा आराखडा एआयकडून करून घेतला असेल तर चांगलंच केलंत. खर्चाचे तक्ते, स्पर्धकांची तुलना, किती विक्रीला खर्च भरून निघेल याचा हिशेब, हे सगळं तासाभरात हाती येतं. एवढ्यासाठी सल्लागाराला पैसे देऊ नका. पण आता सल्लागार लागणारच नाही असं वाटत असेल, तर पुढचा हिशेब आधी स्वतःच्या हाताने कागदावर मांडा. नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच अडकतो.

समजा महिन्याची विक्री १ लाख, मालाचा खर्च ६० हजार, इतर खर्च २५ हजार आणि नफा १५ हजार. गणित बरोबर आहे. फक्त विक्री झाली त्याच महिन्यात पैसे आले, असं त्यात गुपचूप धरलेलं असतं. प्रत्यक्षात माल तुमच्याकडे सरासरी ३० दिवस पडून राहतो, गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देतं आणि पुरवठादाराला तुम्ही १५ दिवसांत चुकते करता. ३० अधिक ६०, त्यातून १५ वजा: ७५ दिवस. मालाचा रोजचा खर्च २ हजार, म्हणजे दीड लाख रक्कम कायम अडकलेली. हा तुमचा दहा महिन्यांचा नफा झाला. पगार आणि भाडं यात धरलेलंच नाही. विक्री दुप्पट झाली की अडकलेली रक्कम तीन लाखांवर जाते. नफ्यातला धंदा भर वाढीच्या काळात पगाराला अडतो तो यामुळे.

एआयला हे सूत्र येत नाही असं नाही. विचारलंत तर लगेच मांडून देईल. पण ‘गिऱ्हाईक ३० दिवसांत पैसे देतं’ असं तुम्ही लिहिलंत, की ते ३० धरूनच पुढे जातं आणि अडकलेली रक्कम ९० हजार दाखवतं. बिलावर मुदत ३० दिवसांचीच छापलेली असते, त्यामुळे तुम्ही खोटंही बोललेले नसता. चांगला सल्लागार मात्र तोंडी आकडा घेत नाही. तो शेवटची दहा बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट मागतो, बिलाची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख शेजारी शेजारी लिहायला लावतो. त्या दोन रकान्यांतून ६० दिवस बाहेर येतात. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याने ६० हजारांचा खड्डा आधीच दिसतो.

हे वाचून घाबरू नका. खड्डा आधी दिसला तर उपाय साधे आहेत: आगाऊ रक्कम मागणं, पुरवठादाराकडून मुदत वाढवून घेणं, साठा कमी ठेवणं. यातला कोणता उपाय तुमचं गिऱ्हाईक न तोडता चालेल, हे त्या व्यवसायात वावरलेला माणूस सांगू शकतो.

दुसरी गोष्ट थोडक्यात. माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवरून एआय प्रणालींना वळण दिलेलं असतं, त्यामुळे त्यांचा कल तुमच्या होकारात होकार मिसळण्याकडे असतो. ‘कल्पना कशी आहे?’ असं विचारूच नका. ‘हा धंदा सहा महिन्यांत बंद पडला असं समज आणि कारणं लिही’ असं सांगा. मग ‘या आराखड्यात तू काय काय गृहीत धरलंस, आणि त्यातल्या कोणत्या पाच गोष्टी चुकल्या तर सर्वाधिक नुकसान होईल?’ हे विचारा. ती यादी घेऊन सल्लागाराकडे जा. बेरजा स्प्रेडशीटमध्ये पुन्हा तपासा. गिऱ्हाइकांची नावं आणि खाते क्रमांक चॅटमध्ये टाकू नका.

कर, करार आणि परवाने यांत एआयचं उत्तर शेवटचं मानू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर झाले आणि ५ हजार डॉलरचा दंड वकिलांना आणि त्यांच्या फर्मला भरावा लागला. सही ज्याची, जबाबदारी त्याची.

आता सल्लागार निवडण्याबद्दल. तयार प्रॉम्प्टचे (एआयला द्यायच्या सूचनांचे) संच विकणारे आणि ‘९० दिवसांत दुप्पट’ असं सांगणारे मार्गदर्शक यांच्यापासून लांब राहा, हे माझं ठाम मत आहे. पहिल्या भेटीत जो प्रश्नांपेक्षा उत्तरं जास्त देतो, तोही नको. सुचवलेल्या कर्जावर किंवा सॉफ्टवेअरवर त्याला कमिशन मिळतं का, हे सरळ विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. दोन जुन्या अशिलांशी बोला, त्यातला एक तरी ज्याचं काम फसलं असा असावा. ओळखीतल्या माणसाचा फुकट सल्ला जरूर घ्या, पण तुमचे हिशेब उघडून बसायला तो बांधलेला नसतो. तासावर पैसे घेणारा माणूस सुरुवातीला पुरतो.

भेटीच्या दोन दिवस आधी त्याला तीन कागद पाठवा: तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, गिऱ्हाइकांकडून येणं बाकी असलेल्या रकमांची यादी (३० दिवसांपर्यंत थकलेली, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्यापुढची) आणि गृहीतकांची ती यादी. तासाभराची भेट पुरते. उठण्यापूर्वी काय करायचं, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घ्या. पुढच्या भेटीची सुरुवात त्याच कागदाने करा. पहिलं वर्षभर दर महिन्याला भेटा. येणं बाकी सलग दोन तिमाही ठरल्या मुदतीत वसूल होऊ लागली, की तीन महिन्यांतून एकदा भेटलात तरी चालेल.