पत्र्याला रंग लावण्याआधी पत्रा ओळखा

जुन्या लाकडावर पत्र्याचे मुखवटे, कोंबडे, सूर्य करायचे असतील तर कापणं-ठोकणं महिन्याभरात हाताला बसतं. माणूस अडकतो तो रंगात. दिवाळीत विकलेल्या तुकड्याचा रंग पुढच्या श्रावणात कांद्याच्या सालीसारखा निघतो, आणि गिऱ्हाईक तुकडा हातात घेऊन दारात उभं राहतं.

भंगारवाला सगळ्याला 'पत्रा'च म्हणतो. पण १५ किलोच्या तेलाच्या डब्यावर कथलाचा पातळ मुलामा असतो आणि छपराच्या पत्र्यावर जस्ताचा. जस्तावर बहुधा फुलाफुलांची करडी नक्षी दिसते, ओल लागली की पांढरी भुकटी येते. डबा आतून गुळगुळीत आणि चकचकीत.

ऑइल पेंट थेट जस्तावर बसला की त्यातल्या तेलाची जस्ताशी क्रिया होते आणि मधे चक्क साबणाचा पापुद्रा तयार होतो. वरून रंग तुकतुकीत, खाली पकड शून्य. नाशिकच्या पावसाळी दमटपणात हे आणखी लवकर होतं. दुकानदार 'रेड ऑक्साइड मारा' म्हणेल. ऐकू नका, नेहमीचा रेड ऑक्साइड प्राइमरही त्याच तेलाच्या जातीचा. घासून खरखरीत केलं म्हणूनही भागत नाही. दोष गुळगुळीतपणाचा नाही, रसायनाचा आहे.

म्हणून जस्ताचा पत्रा साबणाने धुवा, व्हिनेगरने पुसून १० मिनिटं ठेवा, पुन्हा धुवून खडखडीत वाळवा. मग 'एच' (इंग्रजीत etch, म्हणजे धातूला किंचित चावून धरणाऱ्या) प्राइमरचा एकच पातळ हात आणि वर ॲक्रिलिक रंग. हा पत्रा गॅसवर तापवू मात्र नका, त्याच्या धुराने अंगात ताप भरतो.

डब्याचं सोपं. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, मग थिनरचा बोळा, ३२० नंबरचा पॉलिश पेपर. पाणी शिंपडा. थेंब गोळा झाले तर तेल अजून आहे, पुन्हा धुवा. पाणी सपाट पसरलं की रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट खुशाल लावा. इथे तो वर्षानुवर्षं टिकतो. घाबरून सगळीकडेच महागडं प्राइमर थापायची गरज नाही.

लाकडाचं थोडक्यात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणाऱ्या पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर) 'एचटी', म्हणजे उष्णता देऊन कीड मारल्याचा शिक्का असेल तरच घ्या. 'एमबी' म्हणजे विषारी धुरी दिलेलं. पाडलेल्या वाड्याचा सागवान उत्तम, पण रंध्याआधी लोहचुंबक फिरवा, आत चुका (बारीक खिळे) मोडून राहिलेल्या असतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. ओला पेपर आणि तोंडाला मास्क.

पत्र्याची कड ५ मिलिमीटर दुमडा, नाहीतर बोट कापलंच समजा. दुमड शिकायला दोन दिवसांच्या 'अपसायकल' वर्कशॉपला पैसे भरण्यापेक्षा भांडी बाजारात तांबटाचा हात तासभर बघा. 'अँटिक लुक'चे स्प्रे तर विकतच घेऊ नका. बोहाड्याच्या (आदिवासींच्या मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाच्या) मुखवट्यांवरून काही करत असाल तर तेवढं भान ठेवा: ते पूजेतले असतात, हुबेहूब नक्कल विकायला काढू नका.

ठोकताना दीड मिलिमीटरच्या चुकेला पत्र्यात ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि वायसर घाला. लाकूड पावसात फुगतं, वाळलं की आकसतं, पत्रा तसाच राहतो. चारी बाजूंनी घट्ट ठोकला तर मधोमध पोट सुटतं. मधली एक चूक घट्ट, बाकीच्या सैल.